दाखवायचा फ्लॅट

वसईत सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली वास्तू म्हणजे किल्ला. दुसरा नंबर आमच्या फ्लॅटचा.

किल्ला बघायला लोक निदान सुट्टीच्या दिवशी येतात. आमच्याकडे रोज यायचे. एव्हरशाईन सिटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके होता, आणि त्या वर्षी भाईंदरपासून विरारपर्यंत ज्या ज्या माणसाच्या मनात घर घ्यायचं आलं, त्या त्या माणसाने आमचं स्वयंपाकघर पाहिलं, बाल्कनीचा कठडा हलवून पाहिला आणि माझ्या आईच्या हातचा चहा घेतला. घेतला नाही तो फक्त फ्लॅट!

हे सगळं घडलं माझ्या हुशारीमुळे. (ही हुशारी आमच्या घराण्यात एकट्या माझ्यातच आहे, असं आई म्हणायची. पुढे माझी बायको सुनीताही तेच म्हणू लागली, पण तिचा सूर वेगळा होता.)

झालं असं, की आई संगमेश्वरहून आमच्याकडे कायमची राहायला आली आणि एका बेडरूमच्या घरात पाच माणसं झाली. मुलगी दहावीला, मुलगा आठवीला. आई हॉलमध्ये झोपायची, आणि तिला नऊ वाजता झोप लागायची, त्यामुळे टीव्हीवरच्या सगळ्या मालिका आम्ही आवाज बंद करून पाहायचो. कोण कोणाला का मारतंय हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी ठरलं, हा फ्लॅट विकायचा आणि पश्चिमेला पापडीकडे दोन बेडरूमचा घ्यायचा. तिथे ओळखीतल्या गोन्साल्विसकाकांचा फ्लॅट विकायला होता. काकांना मुलाकडे पुण्याला जायचं होतं. त्यांनी टोकन घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "नाताळ झाला की मी निघालो. तोपर्यंत बाकीचे पैसे नाय आले तर टोकन गेलं समजा. मागून रडू नका हां."

टोकनचे पैसे सुनीताच्या पाटल्या मोडून उभे केले होते. त्यामुळे 'टोकन गेलं' हे दोन शब्द आमच्या घरात मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती.

म्हणजे आता आमचा फ्लॅट विकणं आलं, आणि फ्लॅट विकायचा म्हणजे एजंट आला. त्या काळात वसई पूर्वेला एजंट होणं फार सोपं होतं. एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मोबाईल आणि चाव्यांचा जुडगा, की झाला माणूस इस्टेट एजंट! आमच्या नाक्यावरच्या पानवाल्याकडेसुद्धा दोन-चार फ्लॅटच्या चाव्या असायच्या. चुना मागितला की तो आधी विचारायचा, "पानाला की फ्लॅटला?"

या धंद्यात आमच्या घरातलेच दोघे होते. एक दिलीप, सुनीताचा सख्खा धाकटा भाऊ, साताऱ्याहून आलेला. दुसरा बबन, माझ्या आत्याचा मुलगा. दोघांची दुकानं समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. एकाने बोर्डावर 'विश्वासू' लिहिलं, की दुसरा आठवड्याभरात 'अतिविश्वासू' लिहायचा. लग्नकार्यात दोघे एका पंगतीला बसत नसत. बसलेच, तर मध्ये दोन गिऱ्हाइकं सोडून.

मी आधी दिलीपकडे गेलो.

"दाजी, मार्केटला दोन टक्के चाललंय," तो म्हणाला, "पण तुम्ही घरचे. तुम्ही दीड द्या."

"बघतो," म्हणालो. (घासाघीस करताना 'बघतो' या शब्दाइतकं धारदार हत्यार नाही. यावर मी पूर्वी ऑफिसात लोकांना मार्गदर्शनही केलेलं आहे.)

रस्ता ओलांडून बबनकडे गेलो.

"दीड?" बबनने कपाळावर हात मारला. "दादा, मामाच्या घरातून दीड टक्के घेऊ? आई जोड्याने मारेल मला! एक दे."

परत रस्ता ओलांडला.

"बबन्या एक म्हणाला?" दिलीप उभाच राहिला. "अर्धा द्या, दाजी!"

परत रस्ता. बबन म्हणाला, "पाव." मी त्या दुपारी तो रस्ता इतक्या वेळा ओलांडला, की रिक्षावाले माझ्यासाठी थांबू लागले. पानवाल्याने विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" मी म्हटलं, "हरवलं नाही. कमावतोय!"

शेवटी दिलीपने छातीवर हात ठेवला. "दाजी, ताईचं घर आहे. मला एक पैसासुद्धा नको!"

समोरून बबन ओरडला (त्याला सगळं ऐकू येत होतं), "मलाही नको! वर कागदपत्रांचा खर्च माझा!"

मी विजयी मुद्रेने घरी आलो आणि सुनीताला सांगितलं, "शून्य टक्के. दोघंही."

ती कणीक मळत होती. "फुकट कोण काम करतं हो?"

"करतात. स्पर्धा असली की करतात. तुला बाजारातलं कळत नाही."

दुसऱ्याच रविवारपासून गिऱ्हाइकांची रीघ लागली. दिलीप एका दारातून त्याची माणसं बाहेर काढायचा आणि बबन जिन्यात त्याची घेऊन उभा असायचा. कोणी टेप घेऊन भिंती मोजल्या. कोणी होकायंत्र आणून आमचा गॅस चुकीच्या दिशेला असल्याचं सांगितलं आणि आईला इतकं घाबरवलं, की तिने दोन दिवस स्टोव्हवर स्वयंपाक केला. एक बाई आल्या त्या सरळ फ्रिज उघडून बघायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, फ्रिज विकायचा नाही." त्या म्हणाल्या, "तसं नाही, किती मावतं ते बघतेय." एक काका 'वारा कसा येतो बघू' म्हणून आमच्या पलंगावर आडवे झाले आणि चक्क झोपले. त्यांना आम्ही जेवायलाच उठवलं.

आई सगळ्यांना चहा द्यायची आणि गाव विचारायची. अशा विचारपुशीतून एका गिऱ्हाइकाच्या पुतण्याचं लग्न आमच्या नात्यातल्या कणकवलीच्या मुलीशी ठरलं. लग्न ठरलं. फ्लॅट ठरला नाही.

गंमत म्हणजे आसपासचे फ्लॅट मात्र धडाधड विकले जात होते. चौथ्या मजल्यावरच्या सावंतांचा गेला. समोरच्या जोशींचा गेला. जोशी पेढे घेऊन आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "साहेब, खरंच सांगतो, तुमच्यामुळे झालं!"

मी म्हटलं, "कसचं कसचं!"

मला वाटलं, माणूस सभ्य आहे.

इकडे गोन्साल्विसकाकांचा फोन यायला लागला. काका बोलायचे फार गोड. "काय नाय, सहज केला. आमच्या बिल्डिंगच्या अंगणात येशूचा गोठा बांधायला घेतला पोरांनी. नाताळ जवळ आला ना!" मी फोन ठेवायचो आणि सुनीता विचारायची, "कोण होतं?" मी सांगायचो, "राँग नंबर." एकाच राँग नंबरचे इतके फोन येतात, हे तिला पटत नसावं.

एके दिवशी मी रजा टाकून घरीच राहिलो. सुनीता आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती, मुलं शाळेत. निवांत आंघोळीला शिरलो. डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला, नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला आणि गप्प झाला. टँकर आला नव्हता. बादली रिकामी होती. मी त्या अवस्थेत पुढचा विचार करत उभा होतो, तेवढ्यात बाहेर कुलपात किल्ली फिरली. (सोयीसाठी एकेक किल्ली मीच दोघांना देऊन ठेवली होती.)

"या मामा, या," दिलीपचा आवाज आला. "हा आपला पहिला फ्लॅट. फार बारीक बघू नका, नुसता नजरेखालून घाला."

"का रं?" एक म्हातारा, खणखणीत आवाज.

"म्हणजे मग तिसऱ्या मजल्यावरचा बघाल, तेव्हा फरक कळेल. इथे हॉल जरा अंधारा आहे. भिंतींचा रंग बघा. मालकाने स्वतः निवडलाय."

मी निवडला होता. पिस्ता.

"किंमत काय बोलतं मालक?"

"किंमत विचारूच नका. मालक जरा तऱ्हेवाईक आहे. माझेच दाजी आहेत, म्हणून सांगतो."

मी आत दात ओठ खाल्ले. त्यामुळे साबण तोंडात गेला.

मग एका मुलीचा आवाज आला, "बाबा, बाथरूम बघूया ना." आणि दारावर थाप पडली.

"अरं, कडी लावल्याली हाय! आत कोन हाय?"

"कोणी नाही हो," दिलीप म्हणाला. "दार अडकतं. इथली दारंच तशी आहेत."

"मंग साबनाचा वास कसा येतंय? अवो आतले! पानी येतं का, पानी?"

डोळ्यांत साबण गेलेला माणूस धंद्याचा विचार करू शकत नाही. मी आतून ओरडलो, "नाही! थेंब नाही! टँकर आला तर आला, नाहीतर बोंबला!"

मग अगदी हळू आवाजात दिलीप म्हणाला, "दाजी?"

"हो."

"आज ऑफिसला नाही गेलात?"

"नाही."

"बरं. बसा." आणि तो त्यांना घेऊन वरच्या मजल्यावर गेला.

साबण अंगावरच वाळला. टॉवेलने जमेल तेवढा खरवडून, पांढऱ्या भुवयांनी मी त्याच्या दुकानात जाऊन धडकलो. दिलीपने खुर्ची पुढे केली. तो जराही ओशाळला नव्हता, हे मला जास्त लागलं.

"दाजी, ताईबरोबर साडी घ्यायला जाता ना? दुकानदार पहिली साडी कुठली दाखवतो?"

"जी कोणी घेणार नाही ती."

"का दाखवतो? पहिली बघून तोंड वाकडं झालं, की दुसरी लगेच पसंत पडते. तुमचा फ्लॅट म्हणजे पहिली साडी."

"पण माझाच का?"

"सावंतांनी दोन टक्के दिले. जोशींनी दोन दिले. तुम्ही?"

मी पंख्याकडे बघितलं.

"फुकटचा फ्लॅट विकून दुकानाचं भाडं कशातून भरू? पण दाखवायला तर एक लागतोच. तुमची किल्ली आहे, वर चहा मिळतो, आई गोड बोलतात. दाजी, याच्याहून चांगला पहिला फ्लॅट अख्ख्या वसईत मिळणार नाही!"

शेवटचं वाक्य तो खरोखर कौतुकाने बोलला.

मी रस्ता ओलांडून बबनकडे गेलो. बबनने हेच सगळं सांगितलं, फक्त साडीच्या जागी चप्पल होती. वर म्हणाला, "दादा, खरं सांगू? दिलीपचं आणि माझं भांडण तुझ्या फ्लॅटमुळेच मिटलं. वार वाटून घेतलेत आम्ही. बाकीचे एजंट पण विचारतात, पहिला आज मोकळा आहे का म्हणून."

"अरे मेल्या, मी दोन टक्के देतो! आत्ता देतो! वीक!"

बबन हळहळला. "आता उशीर झाला, दादा. त्याला मार्केटमध्ये नावच पडलंय, 'पहिला'. पहिला म्हणजे बघायचा. लोक जिन्यातूनच मान हलवत येतात."

हे घरी सांगावंच लागलं. सुनीता नुसती रिकाम्या मनगटावरून हात फिरवत बसली. त्यापेक्षा तिने लाटणं हातात घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आई म्हणाली, "मी पुन्हा गावी जाते हो. म्हणजे एवढ्यात भागेल तुमचं." तेव्हा तर माझ्या हुशारीला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

आणि मग ते खणखणीत आवाजाचे म्हातारे परत आले.

पाटीलमामा त्यांचं नाव, जवळच्याच जूचंद्र गावचे. थोडी जमीन विकली होती आणि नोकरीला लागलेल्या मुलीसाठी तिच्या नावावर घर घ्यायचं होतं. त्यांनी दिलीपला सांगितलं होतं, "त्यो साबनवाला फ्लॅट परत दाव." दिलीपने दुसरेच चार दाखवले. मामा कंटाळले, रस्ता ओलांडून बबनकडे गेले आणि म्हणाले, "साबनवाला दाव." बबनचा वार होताच. त्याने नेहमीप्रमाणे पहिला म्हणून आमच्याकडे आणलं.

मामांनी आत पाऊल टाकलं, माझं 'या, या' ऐकून आवाज ओळखला आणि म्हणाले, "ह्योच घेनार."

बबनचा चेहरा पडला. "मामा, हा नका घेऊ! हा नुसता बघायचा आहे!"

"मंग इकायचा कोन्चा हाय?"

"वरती आहे ना! पुढच्या बिल्डिंगमध्ये आहे! इथे हॉल किती अंधारा आहे बघा!"

तेवढ्यात खालून दिलीप धावत आला. त्याला बातमी कोणी दिली देव जाणे. आल्या आल्या धापा टाकत म्हणाला, "मामा, रंग बघितलात का रंग?" माझ्यासमोर पहिल्यांदाच ते दोघे एका बाजूने बोलत होते. एक माझ्या खिडक्यांना नावं ठेवत होता, दुसरा माझ्या फरशांना. मी माझ्याच घरात उभा राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होतो. आई चहा घेऊन आली आणि ट्रे धरून तशीच थबकली.

मामांनी हात वर केला. "गप ऱ्हावा दोगं! इतके फ्लॅट बगले मी. सगले बोल्ले, पानी चोवीस तास. नल सोडला का नुसता फुस्स! ह्यो एकच मानूस साबन लावून खरं बोल्ला. जो पान्याचं खोटं नाय बोलत, त्यो कागदाचं बी खोटं नाय बोलनार. टाकी मी बसवीन माजी. काय गं पोरी?"

पोरगी म्हणाली, "रंग बदलूया, बाबा."

मी म्हटलं, "बदला!"

साडीच्या दुकानात एखाद्याने दारातली बाहुलीच विकत मागावी, तसे दोघा एजंटांचे चेहरे झाले होते. पण सौदा झाला. मामांनी पैसे वेळेत दिले, नाताळच्या आधी गोन्साल्विसकाकांचे पोचते झाले, आणि काकांनी आम्हाला घरचा केक खायला घातला. सुनीता त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मोकळी हसली. मी मनात म्हटलं, दोन टक्के तर बबनने स्वतःच नाकारले होते; बघा, शून्य टक्क्यांत फ्लॅट विकला की नाही!

त्याच संध्याकाळी दिलीप आला. "दाजी, गिऱ्हाईक मी आणलेलं."

पाठोपाठ बबन. "सौदा माझ्या हातून झाला, दादा."

"अरे, पण तुम्ही दोघांनी फुकट कबूल केलं होतं!"

"ते विकायचा नव्हता म्हणून!" दोघे एका सुरात म्हणाले. दिलीपने खुलासाही केला, "दाखवायचे फुकट, दाजी. विकायचे फुकट असं कुठे ठरलं होतं? शिवाय आमचा पहिला फ्लॅट गेला. त्या नुकसानीचं तर आम्ही बोलतच नाही."

मी म्हटलं, "बरं, एकाला देतो. कोणाला देऊ ते तुम्ही ठरवा."

ही माझी दुसरी हुशारी. कारण ते ठरवायचं काम लगेच स्वयंपाकघराने हातात घेतलं. सुनीता म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाला डावलून द्या हवं तर दुसऱ्याला. मी काही बोलणार नाही." आई म्हणाली, "आणि मी वन्संना काय तोंड दाखवू? त्यांच्या पोराने उन्हातान्हात माणसं आणली." दुसऱ्या दिवसापासून आईने आमटीत मीठ घालायचं सोडलं आणि सुनीताने चहात साखर. मुलं शहाणी, ती शेजारी जेवू लागली. मी तीन दिवस टिकलो. चौथ्या दिवशी दिलीपला दोन टक्के दिले, बबनला दोन टक्के दिले, आणि आमटी चाखून पाहिली. बाजारभाव दोन, स्पर्धेमुळे झाला शून्य, आणि घासाघीस करून मी दिले चार!

त्या पैशांत दोघांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकानं बंद केली आणि स्टेशनजवळ भागीदारीत एक छान गाळा भाड्याने घेतला. काचेचं दार, आत फिरत्या खुर्च्या. उद्घाटनाला नारळ फोडायचा मान मला दिला. दिलीप चारचौघांत म्हणाला, "आमच्या दोघांना एकत्र आणणारे आमचे दाजी." सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कारणं वेगळी असावीत.

पेढे वाटत होते, तेव्हा एक सुटाबुटातले गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुम्ही यांचे जुने क्लायंट दिसता. माझा बंगला विकायला देतोय. घासाघीस करून बघू का?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतकं भोगल्यावर निदान दुसऱ्याला तरी शहाणपण द्यावं. "साहेब, माझं ऐका. घासाघिशीच्या नादाला अजिबात लागू नका. सरळ दोन टक्के द्या आणि गप्प बसा."

गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात गदागदा हलवला आणि आत गेले. पाच मिनिटांत दिलीप आणि बबन एकदम बाहेर आले.

"दाजी, बंगलेवाल्यांना काय सांगितलंत?"

"दोन टक्के द्या म्हटलं. पूर्ण. तुमच्याच बाजूने बोललो!"

बबन खालीच बसला. "दादा, त्यांनी सकाळी तीन कबूल केले होते रे!"

अजूनही मी त्यांच्या ऑफिसवरून गेलो, की ते मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. फक्त आत गिऱ्हाईक बसलेलं असलं, तर चहा बाहेर आणून देतात.